आजन्म आजार आणि रुग्णाचा हक्क

नवदीक्षित बंधुभगिनींनो,

धम्मदीक्षा घेतल्याने माणसाच्या जीवनात काय पालट होतो, असा प्रश्न आपणांस वारंवार विचारण्यात येतो. घरातला देव्हारा गेला, मरीआईचा गाडा थांबला, उपासतापास सुटले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ झाल्या, अशी उत्तरे आपण देतो. ती खरी आहेत. पण ती पुरेशी नाहीत. ज्या ठिकाणी माणूस अगदी असहाय असतो, त्या ठिकाणी तो कसा उभा राहतो, यावर पालटाची खरी परीक्षा होते. आणि दवाखान्यातील केसपेपरच्या खिडकीइतके असहाय ठिकाण दुसरे क्वचितच सापडेल. गावच्या पाटलापुढे जोहार घालणे आपण सोडले. परंतु डॉक्टरांपुढे 'साहेब, तुम्हीच मायबाप' म्हणून हात जोडून उभे राहण्याची आपली सवय मात्र सुटलेली नाही. हा विनय आहे, असे कोणी म्हणेल. तो विनय नव्हे, ते भय आहे. आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या आजारात हे भय रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून आज आम्ही हा विषय आपणांपुढे मांडीत आहो.

विदर्भातील आपल्या वस्त्यांत 'सिकलसेल' हा शब्द कोणास समजावून सांगावा लागत नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. रक्तातील तांबड्या पेशी स्वभावतः गोल व लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात आणि लवकर नष्टही होतात. त्यामुळे रक्त कमी होते, हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात, पानथरी निकामी होते, साध्या तापाचे रूपांतर गंभीर संसर्गात होते, आणि काही लहान मुलांना पक्षाघातही होतो. हा आजार जन्माबरोबर येतो व सहसा जन्मभर सोबत करतो.

या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात लिहिले. त्याच्या दोनच वर्षे आधी, ज्या ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरास बाबासाहेबांनी लक्षावधी लोकांना दीक्षा दिली, त्याच महिन्यात केंब्रिज येथील संशोधक व्हर्नन इनग्रॅम यांनी या आजारातील रक्तद्रव्य निरोगी माणसाच्या रक्तद्रव्यापासून एका नेमक्या रासायनिक जागी भिन्न असते, हे प्रसिद्ध केले. म्हणजे ज्यास आपल्या आजी-पणजी देवीचा कोप, करणी किंवा गतजन्मीचे पाप म्हणत असत, ते एका रेणूतील एवढ्याशा फरकाचे कार्य आहे. ज्या मुलखांत हिवतापाने माणसे मरत होती, त्या मुलखांत या गुणाचा एकच अंश अंगी असलेली माणसे हिवतापातून अधिक वाचली. म्हणून तो गुण तेथे टिकून राहिला. आफ्रिकेत तो आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. हा कोणत्याही जातीचा शाप नव्हे. गतजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगावे लागते, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला, आणि मूल आपले शारीरिक गुण आईबापांकडून घेते हे तेथे स्पष्ट केले. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे, त्या घराने तर हा विचार प्रथम आपलासा केला पाहिजे. जे पाप नव्हे ते लपविण्याचे कारण नाही. आणि जे लपविले जात नाही, त्याचाच उपचार नीट होतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. उपचारामुळे, किंवा उपचारातील हयगयीमुळे, टाळता येण्यासारखी इजा रुग्णास होऊ नये, यास रुग्णाची सुरक्षितता म्हणतात. जगभरात साधारणतः दर दहा रुग्णांमागे एकास उपचार चालू असतानाच काही ना काही इजा पोहोचते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या प्रश्नाकडे सर्व राष्ट्रांचे लक्ष वेधावे म्हणून २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळला जातो. अनागारिक धर्मपालांचा जन्मदिवस म्हणून ही तारीख आपल्या परिचयाची आहेच. त्या दिवशी आपल्या विहारांतून धर्मपालांच्या स्मरणाबरोबर रुग्णाच्या हक्काचीही चर्चा झाली, तर ती अप्रस्तुत ठरणार नाही.

थोड्या दिवसांच्या आजारात आणि जन्मभराच्या आजारात एक मोठा भेद आहे. हाड मोडले तर एक डॉक्टर, एक दवाखाना आणि दोन महिने; चूक झाली तर ती डोळ्यांसमोर दिसते. सिकलसेलचा रुग्ण मात्र वीस वर्षांत वीस डॉक्टर पाहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक, तालुक्यास दुसरा, मेडिकल कॉलेजात दर वेळी नवा, आणि रात्री वेदना उठल्या म्हणजे नाक्यावरचा खासगी डॉक्टर निराळाच. यांतील प्रत्येकास रुग्णाचा एकच दिवस दिसतो. सारी वीस वर्षे फक्त रुग्णास व त्याच्या आईस ठाऊक असतात. म्हणून येथे घात होतो तो बहुधा एका मोठ्या अपराधाने होत नाही. लहानलहान चुका थेंबाथेंबाने साचत जातात आणि कोणीच त्यांची बेरीज करीत नाही. त्या चुका कोणत्या, हे आपण ओळखून ठेवले पाहिजे.

पहिली चूक लोहाच्या गोळ्यांची. रक्त कमी दिसले की लोह द्यावे, हा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते पेशी लवकर नष्ट झाल्यामुळे. लोह कमी असतेच असे नाही. ज्यास वरचेवर रक्त दिले जाते, त्याच्या शरीरात तर लोह साठत जाते आणि यकृत व हृदय यांस अपाय करते. म्हणून रक्तातील लोहाचा साठा तपासल्यावाचून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊ नयेत. फॉलिक ॲसिडची गोळी ही निराळी गोष्ट आहे; ती आणि लोहाची गोळी एक समजू नये.

दुसरी चूक वेदनाशामक औषधांची. दुखणे खरे असते आणि औषध द्यावेच लागते. परंतु औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्या, आणि दर वेदनेस नाक्यावर टोचून घेतलेली सुई, यांचा मूत्रपिंडांवर परिणाम होतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच दुबळी होत असतात. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच वाईट आहे. 'हा नेहमीच ओरडतो, याला इंजेक्शनची सवय लागली आहे' असे म्हणून रुग्णास बाकावर तासन्‌तास बसवून ठेवणे, हाही उपचारातला दोषच होय. वेदना डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही.

तिसरी चूक हायड्रॉक्सियुरिया या औषधाची. या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात आणि रक्त देण्याची पाळी कमी वेळा येते. मात्र ते रुग्णाच्या वजनाप्रमाणे द्यावे लागते. त्याने पांढऱ्या पेशी व बिंबाणू घटू शकतात. म्हणून ठराविक मुदतीने रक्ततपासणी करावीच लागते. तपासणीवाचून केवळ जुन्या चिठ्ठीवर औषध घेत राहणे धोक्याचे. आणि केंद्रात साठा संपला म्हणून दोन-दोन महिने औषध बंद ठेवणे हेही हानीचे, कारण औषध थांबले की त्याचा गुण ओसरतो. गर्भधारणेचा विचार असेल तर, मग ती स्त्री असो वा पुरुष, आधी डॉक्टरांस सांगावे. लहान मुलासाठी कॅप्सूल घरी फोडून पुडी बांधण्याचा प्रकार डॉक्टरांस किंवा औषधनिर्मात्यास विचारल्यावाचून करू नये. हे औषध तीव्र आहे व हाताळणाऱ्यासही त्यापासून जपावे लागते.

चौथी चूक तापाकडे दुर्लक्ष करण्याची. पाच वर्षांखालील सिकलसेलग्रस्त मुलास पेनिसिलिन रोज द्यावे लागते आणि न्यूमोकॉकसची लस टोचावी लागते, हे पुष्कळ आईबापांस कोणी सांगितलेलेच नसते. अशा मुलास १०१ अंशांच्या वर ताप आला, तर ती तातडीची अवस्था समजावी. 'उद्या ओपीडीत या' हे उत्तर तेथे स्वीकारू नये. मूल एकाएकी पांढरे फटक पडले आणि डाव्या बरगडीखाली पानथरी फुगलेली हातास लागली, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

पाचवी चूक सर्वांत भयंकर. ती रक्त देण्यातली. प्रत्येक वेळी आकडा कमी दिसला म्हणून बाटली चढविणे योग्य नाही. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त नेहमीच काहीसे कमी असते, आणि गरज नसताना दिलेल्या रक्ताने ते दाट होऊन नवीच आपत्ती ओढवते. ज्यास वारंवार रक्त द्यावे लागते, त्याच्यासाठी केवळ ए, बी, ओ गट जुळवून भागत नाही. आणखी काही उपगटही जुळवावे लागतात. आणि रक्त निर्दोष असावे लागते, ही तर मूळचीच अट. एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गरमी आणि हिवताप या पाच रोगांसाठी रक्ताची तपासणी कायद्याने सक्तीची आहे. असे असूनही २०११ साली गुजरातेतील जुनागढ येथे थॅलेसेमियाच्या २३ बालकांत एचआयव्हीची बाधा आढळली. मे २०२२ मध्ये खुद्द नागपुरात थॅलेसेमियाच्या चार बालकांत ही बाधा आढळल्याचे व त्यांपैकी एक दगावल्याचे आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडातील चाईबासा येथे पुन्हा तोच प्रकार उघडकीस आला. ही बालके आजारातून वाचावीत म्हणून दवाखान्यात आणली होती. त्यांना जी इजा झाली ती आजाराने केलेली नाही, उपचाराने केली आहे. जी गोष्ट थॅलेसेमियाच्या मुलाची, तीच सिकलसेलच्या मुलाची. दोघांच्याही नसांत परक्याचे रक्त जाते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने जीविताचा हक्क दिला आहे. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा सरकारी रुग्णालयाकडून होणारा या हक्काचा भंग आहे. तो खटला आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका श्रमिकाचा होता. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात त्याला फिरविण्यात आले, आणि न्यायालयाने त्यास २५ हजार रुपये भरपाई देवविली. त्याच वर्षी 'कॉमन कॉज'च्या खटल्यात न्यायालयाने रक्तपेढ्यांच्या कारभाराविषयी आदेश दिले. त्यांमुळे पैसे घेऊन रक्त विकण्याची पद्धत १९९८ च्या आरंभापासून बंद झाली. तत्पूर्वी १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणण्यात आली. जेथे कोणाकडूनच पैसे घेतले जात नाहीत ते रुग्णालय त्यातून सुटते. पण जेथे काहींकडून घेतात व काहींवर फुकट उपचार करतात, तेथे फुकट उपचार घेणारा गरीबही ग्राहक ठरतो. खर्च विमा कंपनीने दिला, तरीही ती सेवा फुकटची ठरत नाही. अशी तक्रार सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावयाची असते, हे विसरू नये. आणि जे रुग्णालय या कायद्यातून सुटते, त्याच्याविरुद्धही दिवाणी न्यायालयाची वाट मोकळीच राहते.

पण कायद्याचे दार उघडण्यास कागद लागतो. वकिली करताना आमच्याकडे जी माणसे अशा तक्रारी घेऊन येतात, त्यांपैकी बहुतेकांकडे सांगण्यास मोठे दुःख असते आणि दाखविण्यास एकही कागद नसतो. न्यायालय दुःख ऐकते, परंतु निकाल कागदावर देते. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे, रुग्णाने मागणी केल्यास त्याच्या उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत. मुंबई उच्च न्यायालयानेही १९९६ साली रघुनाथ रहेजा यांच्या खटल्यात रुग्णाचा हा हक्क मान्य केला. तथापि याच नियमांत एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे: डॉक्टराने ही कागदपत्रे उपचाराच्या आरंभापासून तीन वर्षे जपून ठेवावयाची असतात. आजार जन्मभराचा आणि दप्तर तीन वर्षांचे! उरलेल्या वर्षांचे दप्तर कोणी ठेवावे? ते आपणच ठेवले पाहिजे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्या घराने एक जाड वही आणि कागदांची एक फाइल ठेवावी. पहिल्या पानावर रुग्णाचे नाव, रक्तगट, एसएस की एएस हा तपासणीचा निर्णय, वजन, आणि कोणत्या औषधाने पूर्वी अपाय झाला ते लिहावे. पुढे दर भेटीची तारीख, डॉक्टरांनी काय सांगितले, औषधाचे नाव व मात्रा, आणि तपासणीचे आकडे लिहावेत. रक्त दिले गेले तर तारीख, पिशवीचा क्रमांक आणि रक्तपेढीचे नाव यांची नोंद करावी. पिशवी लावण्यापूर्वी तिच्यावरचे नाव, गट आणि मुदत परिचारिकेबरोबर आपणही वाचावी. रक्त चढू लागल्यावर पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलू नये. थंडी वाजली, ताप चढला, कंबरेत कळ आली किंवा श्वास कोंडला, तर तत्काळ हाक मारून रक्त थांबविण्यास सांगावे. जी माता अक्षरशत्रू आहे, तिच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलाने ही वही लिहावी. 'शिका' या आज्ञेचा याहून निकडीचा उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

दुसरी सूचना प्रश्नांविषयी. हे औषध कशासाठी आहे? किती दिवस घ्यावयाचे? कोणता त्रास झाला तर परत यावयाचे? पूर्वीच्या औषधाबरोबर ते चालते काय? हे चार प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. माहिती मिळविणे, संमती देणे वा नाकारणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे, आणि आपल्या आजाराची गुप्तता राखली जाणे, हे सारे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आले आहे. औषधाने अपाय झाला असे वाटल्यास रुग्णासही त्याची खबर देता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. अशी खबर कोणास शिक्षा व्हावी म्हणून द्यावयाची नसते. पुढच्या रुग्णाचा घात टळावा म्हणून द्यावयाची असते.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. डॉक्टरांवर हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे एक कारण झाले. दुसरे व अधिक मोठे कारण असे की, दोनशे रुग्ण एकट्याने तपासणारा तरुण डॉक्टरही त्याच मोडक्या व्यवस्थेचा बळी असतो. निर्णयात झालेली प्रत्येक चूक हा गुन्हा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. फौजदारी दोषासाठी घोर हयगय दाखवावी लागते. आपली लढाई डॉक्टर या माणसाशी नाही. ती बेफिकिरीशी आहे. जोहार जसा सोडला, तशी लाठीही बाजूस ठेवावी. या दोहोंमध्ये जो तिसरा मार्ग आहे, नोंद, प्रश्न, अर्ज आणि दाद, तोच संविधानाचा मार्ग होय.

आजारी माणसाची सेवा हा धम्माचा गाभा आहे, हे विनयपिटकातील महावग्गाने सांगून ठेवले आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांची सेवा केली नव्हती, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्या भिक्खूस न्हाऊ घातले, उचलून बिछान्यावर ठेवले, आणि मग संघास बोलावून समज दिली की येथे तुम्हांस आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांस पाहिले नाही, तर कोण पाहील? त्याच ठिकाणी त्यांनी चांगला रुग्ण कसा असतो आणि चांगला शुश्रूषक कसा असतो, याचीही लक्षणे सांगितली. चांगला रुग्ण पथ्य जाणतो, औषध घेतो, आणि आजार वाढला की घटला हे खरेखरे सांगतो. चांगला शुश्रूषक औषध तयार करू शकतो, काय हितकर व काय अहितकर हे ओळखतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, आणि मळाची किळस मानीत नाही. रुग्णाचे खरे बोलणे आणि शुश्रूषकाचे जाणतेपण यांवर उपचाराची सुरक्षितता अवलंबून असते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले आहे. आम्ही वर सुचविलेली वही म्हणजे त्याच खरेपणाची नोंद होय.

स्वतः बाबासाहेब कित्येक वर्षे मधुमेहाने व पायांच्या वेदनांनी त्रस्त होते. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी त्यांचे पथ्यपाणी व औषध सांभाळले. त्या आजारपणातच संविधानाचे काम झाले, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला गेला आणि नागपूरची दीक्षा झाली. जन्मभराचा आजार असलेला माणूस निकामी नसतो. त्याची काळजी नीट घेतली गेली तर तो इतिहास घडवितो. म्हणून मधुमेह, रक्तदाब, क्षय, मूत्रपिंडाचे विकार, ज्या ज्या घरात असे आजार आहेत, त्या त्या घरासही वहीची ही सूचना तितकीच लागू आहे.

विहारांनीही आता आपले काम ओळखावे. रविवारी वंदना झाल्यावर एक तास असा ठेवावा की, शिकलेल्या तरुणांनी वस्तीतील रुग्णांच्या फाइली वाचून द्याव्यात, तपासणीची तारीख चुकली असेल तर आठवण करून द्यावी, आणि एकट्या म्हातारीबरोबर कोणीतरी दवाखान्यात जावे. ६ डिसेंबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी रक्तदान करावे. स्वेच्छेने व नियमाने रक्त देणारा निरोगी दाता हाच रक्तपेढीचा खरा आधार आहे. विवाह जमविताना पत्रिका पाहणे आपण सोडले. त्या जागी दोघांच्या रक्ततपासणीचा अहवाल पाहावा. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी होण्याचा संभव चारांत एक असतो. परंतु या तपासणीचा उपयोग केवळ मुलीस नाकारण्यासाठी होणार असेल, तर ती नवी अस्पृश्यता ठरेल. तिला विहारात थारा असू नये.

शासनाकडे आपले मागणे स्पष्ट आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. तपासणी झालीच पाहिजे. परंतु तपासून ओळखपत्र हाती देणे म्हणजे उपचार नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया अखंड मिळावे, त्याच्या बरोबरीची रक्ततपासणी तेथेच व्हावी, आणि वयात आलेला रुग्ण बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जाताना त्याचे दप्तर त्याच्यामागे जावे. औषध मिळत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करून साठ्याची नोंदवही मागा. अर्जास दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाहीत. माहिती जीविताशी निगडित असेल, तर ती ४८ तासांत द्यावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. मात्र त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात नोकरीतील आरक्षणासाठी जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत रक्ताचे विकार नाहीत. शिकण्यास पात्र आणि नोकरीस अपात्र, हा न्याय नव्हे. हे कलम दुरुस्त व्हावे म्हणून आपल्या संघटनांनी व लोकप्रतिनिधींनी आवाज उठविला पाहिजे.

बंधुभगिनींनो, आम्ही आपणांस कोणताही चमत्कार सांगितलेला नाही. एक वही, चार प्रश्न, पंधरा मिनिटांचा पहारा आणि वेळेवर केलेला एक अर्ज, एवढेच सांगितले आहे. अंगारा सोडून औषधाकडे येणे ही पहिली पायरी होती, आणि ती पुष्कळांनी चढली आहे. औषधाकडे डोळे उघडे ठेवून येणे ही पुढची पायरी आहे. कोणाही दैवतापुढे बुद्धी गहाण टाकू नये असे आपण ठरविले; मग पांढऱ्या कोटापुढे तरी ती का गहाण टाकावी? डॉक्टरांवर विश्वास ठेवा, पण डोळसपणे ठेवा. येत्या पंधरवड्यात ज्या घरात ही वही सुरू होईल, त्या घराने अत्त दीप भव या उपदेशाचे एक पाऊल आचरणात आणले, असे आम्ही समजू.

जय भीम!